चौथा गज

४ फेब्रुवारी

टिल्लू,

पत्राच्या सुरुवातीला धाकट्या भावाला आशीर्वाद लिहायची पद्धत आहे. या खेपेला एकही नाही. पंचेचाळिशीच्या माणसाला टिल्लू म्हटलेलं आवडत नाही हे मला ठाऊक आहे, म्हणूनच म्हणतो.

गॅलरीवाल्या बाईंनी काल तुझं पत्र माझ्यापुढे ठेवलं. बिचाऱ्या घाबरल्या होत्या. संग्रहालयाचा शिक्का मारलेला कागद पाहून कुणीही घाबरेल. मार्चमधल्या माझ्या प्रदर्शनात 'भिंत' हे चित्र लावू नये, ती 'आमच्या दिवंगत मातोश्रींची विटंबना' आहे, असं तू लिहिलंस. मातोश्री! जन्मात कधी तिला 'आई गं'च्या पलीकडे हाक मारली नाहीस. ती गेल्यापासून सहा वर्षांत मला एक ओळ लिहायला तुला सवड झाली नाही. झाली ती माझ्याविरुद्ध, आणि तीसुद्धा एका परक्या बाईला.

तू चित्र पाहिलेलं नाहीस. आमंत्रणपत्रिकेवर छापलेलं टिकलीएवढं काहीतरी पाहिलंस. जुन्या चित्रांवर वर्षानुवर्षं भिंग धरून बसणाऱ्या माणसाने छापील टिकलीवरून निकाल द्यावा, हे तुमच्या शाळेत शिकवतात का? माझी शाळा नाही. मी कवळ्या बनवणारा माणूस. लोकांच्या तोंडात काय बसतं आणि काय टोचतं एवढंच मला कळतं. पण समोर नसलेल्या तोंडाची कवळी मी आजवर बनवलेली नाही.

म्हणून चित्र सांगतो. नीट वाच.

पाच फूट उंच, चार फूट रुंद. या कडेपासून त्या कडेपर्यंत एकच काळी भिंत. भिंतीशी एक बाई, आपल्याकडे पाठ. केसांचा मधोमध भांग, आणि त्या भांगात दात, दुधाचे, रांगेने. त्यातला एक हलतोय, हे जवळ गेल्याशिवाय कळणार नाही. तिचे हात जमिनीपर्यंत आलेत आणि बोटं फरशीत शिरलीत. कपाळ भिंतीला टेकलंय, आणि जिथे टेकलंय तिथे भिंत हिरडीसारखी गुलाबी आणि ओली झालीय. तो गुलाबी मी नऊ वेळा मिसळला. हिरडीचा रंग या गावात माझ्याइतका कुणाला येत नाही. खाली दोन बुटकी स्टुलं आहेत. दोन्हींना तोंडं आहेत. एकाचं उघडं, एकाचं शिवलेलं.

विटंबना कुठे आहे यात? मी जे रोज पाहिलं ते रंगवलं. तिला तोंड का नाही, असं तू बाईंना विचारलंस. अरे, दुपारच्या दुपारी ती आपल्याकडे पाठ करून उभी असायची, तेव्हा तोंड मी कुठून आणू? तू लिहितोस, 'आई खिडकीपाशी उभी राहायची, बाहेर बघत, ही माझी तिची सगळ्यात सुंदर आठवण आहे, आणि माझ्या भावाने तिचं भूत केलं.'

खिडकी नव्हती. एवढंच सांगतो.

चित्र लागणार. दारातून आत शिरल्या शिरल्या समोर लागणार. बाईंच्या माहितीपत्रकात माझ्याबद्दल लिहिलंय की हा चित्रकार उदासी आणि धास्ती भयप्रद, स्वप्नवत प्रतिमांतून मांडतो. मला ते वाक्य एका दमात म्हणता येत नाही, पण तुझ्या 'विटंबने'पेक्षा ते बरं.

कळावं अशी फार इच्छा नाही, तरी कळवतो.

दादा (वयाने)


१३ फेब्रुवारी

टिल्लू,

उत्तर आलं. चार पानं! म्हणजे हात चालतो तुझा.

आधी किरकोळ गोष्टी. स्टुलांपैकी तू कुठलं, असं विचारलंस. ज्याचं तोंड उघडं आहे ते. सतत उघडंच असायचं. दात का, असं विचारलंस. ज्याला जे येतं ते तो काढतो. सुताराने काढलं असतं तर तिच्या भांगात खिळे असते.

आता मोठी गोष्ट. तुझ्या वहिनीने तुला फोन केला, हे तू लिहायला नको होतंस. तिने मला सांगितलं नव्हतं. आता घरात दोन दिवस अबोला आहे, त्याचं श्रेय तुझं. तिने तुला काय सांगितलं ते मी ओळखतो. तिला वाढवून सांगायची सवय आहे, म्हणून जे झालं ते तंतोतंत लिहितो.

आमच्या घरात माझी कामाची खोली आणि स्वयंपाकघर यांच्यामध्ये एक बोळ आहे. त्या दिवशी सकाळी मी त्या बोळात उभा होतो. तिने विचारलं, "काय बघताय?"

मी म्हणालो, "ओलाव्याचा डाग."

ती म्हणाली, "तो डाग? तो तर केव्हाच गेला. गेल्या वर्षी तुम्हीच रंग दिलात की तिथे."

"मग डाग कुठे होता ते बघतोय."

"चहा दोनदा गरम केला मी. तिसऱ्यांदा करणार नाही, सांगून ठेवते."

एवढंच. पुढे ती ओट्यापाशी रडली असेल तर तो तिचा प्रश्न. तिने तुला सांगितलं की मी सकाळी उठत नाही. उठतो. फक्त वेळ लागतो. उठल्यावर छातीवर कुणीतरी बसलेलं असतं. ते काही बोलत नाही, जड असतं, आणि त्याला घाई नसते. आज काहीतरी वाईट होणार याची त्याला पक्की खबर असते, आणि काय होणार ते मात्र सांगत नाही. मग मी मनातल्या मनात एखाद्याची कवळी बसवत जातो, डाव्या दाढेपासून उजव्या दाढेपर्यंत, आणि उजवीकडे पोचेपर्यंत ते उतरतं. कधी कधी पूर्ण कवळी होते तरी उतरत नाही. मग मी वरच्या खोलीत जाऊन रंगवतो. रंगवताना ते माझ्या छातीवर नसतं, कापडावर असतं. मी त्याला तिथे बसवतो, त्याला दात लावतो, त्याची बोटं फरशीत पुरतो. हललं तर बघेन म्हणतो.

डॉक्टरकडे जा, असं तू लिहिलंस. आईला नेलं होतं की बाबांनी. काय झालं? गोळ्या सुरू झाल्या आणि ती झोपेतही उभी राहू लागली.

'भिंत' मी गेल्या वर्षी डाग बुजवल्यानंतर सुरू केलं. आता नीट ऐक, कारण हे मी पुन्हा लिहिणार नाही. जोवर ती त्या चित्रात भिंतीकडे तोंड करून उभी आहे, तोवर मला उभं राहायची गरज नाही. ते काम तिथे चालू आहे. तू म्हणतोस चित्र लावू नकोस, उलटं करून माळ्यावर ठेव. माळ्यावर ठेवलं की ते काम कोण करेल?

समजलं असेल तर पत्र फाड. नसेल समजलं तरी फाड.

आणि वहिनीचे फोन घेणं बंद कर.

दादा


२१ फेब्रुवारी

टिल्लू,

तुझी चार ओळींची चिठ्ठी मिळाली. तिच्यातली प्रत्येक ओळ म्हणजे आनंदाची उकळी आहे, ते मला दिसतं. 'दादा, थर तडकणारच होता. ओल्या तेलावर कोरडं, ठिसूळ काही चढवलंस का? चुना? प्लास्टर?' दूर बसून फोटोवरून ओळखलंस! शाबास. आई असती तर तुला पाठीवर थाप मिळाली असती. म्हणजे मिळाली नसती, पण तुला वाटलं असतं की मिळाली.

हो, प्लास्टर. दातांचे साचे ओततो ते. मला भिंत भिंतीसारखी हवी होती, हाताला खरखरीत लागणारी. काळ्या रंगात प्लास्टर कालवलं आणि गवंड्याच्या करणीने थापलं. माझ्या हातात ते प्लास्टर तीस वर्षं आहे. ते कधी घट्ट होतं, कधी गरम होतं, कधी उकलतं, हे मला झोपेत कळतं. जबड्याच्या साच्यात त्याने मला एकदाही दगा दिला नाही. कापड हलतं आणि साचा हलत नाही, एवढाच फरक. एवढा साधा फरक माझ्या लक्षात आला नाही, आणि तो तुझ्या शाळेत पहिल्या वर्षाला सांगतात, असं तू लिहिलंस. ते वाक्य तू दोनदा वाचून मग पाकिटात घातलं असणार.

झालं असं, की बाई चित्र गुंडाळायला घरी आल्या. मोठा पुठ्ठा, दोर, सगळं घेऊन. चित्रापुढे थांबल्या आणि म्हणाल्या, "हे असंच आहे का? म्हणजे मुद्दाम?"

मी म्हणालो, "मुद्दाम."

तेवढ्यात भिंतीचा नखाएवढा तुकडा सुटून खाली पडला, टक्क आवाज करून. आम्ही दोघं त्याच्याकडे बघत राहिलो.

बाई हळूच म्हणाल्या, "हेही मुद्दाम?"

नंतर मला न विचारता त्यांनी फोटो काढले आणि तुला पाठवले. मी ओरडलो तर म्हणाल्या, "तडकलेलं चित्र बरं करणारा मला माहीत असलेला एकच माणूस आहे, आणि त्याने मला धमकीचं पत्र लिहिलंय. माझा काय दोष?" बाई स्वभावाने भित्र्या आहेत, पण बोलतात फटकन.

आता पंचाईत लक्षात घे. तू म्हणतोस ते लावू नये. आणि ते लावायचं तर तुझ्या हातून जायला हवं. दोन आठवडे ते तुझ्या टेबलावर पडून राहणार. एक बाटली कलंडली की तुझं काम झालं, वर तू हळहळही व्यक्त करशील. हे सगळं कळून मी चित्र पाठवतोय. परवा गाडी येईल. तुझ्यावर विश्वास आहे म्हणून नाही, दुसरा इलाज नाही म्हणून.

सूचना. सुटलेले तुकडे एका डबीत आहेत, कापसावर. प्रत्येकामागे बारीक आकडा घातलाय, आणि तोच आकडा चित्राच्या नकाशावर आहे. गुलाबीला हात लावू नकोस. केसांना हात लावू नकोस. फक्त भिंत. भेगांमधून खालचा जो रंग दिसतो तो पूर्ण बुजला पाहिजे. पूर्ण. कुठेही दिसता कामा नये. तो कुठला रंग आहे, का आहे, याच्याशी तुला कर्तव्य नाही.

दादा


२ मार्च

तर तू काम अर्ध्यावर थांबवलंस.

तुझं पत्र मी तुझ्या वहिनीला मोठ्याने वाचून दाखवलं. 'दादा, भेगांखाली फिकट पिवळा आहे. मी संग्रहालयातल्या यंत्राखाली धरून पाहिलं. काळ्या भिंतीच्या मागे तू आधी एक खिडकी रंगवली आहेस, उजेड असलेली. म्हणजे तुलाही आठवते. मग मला खोटं का पाडतोस? का झाकलीस ते सांगितल्याशिवाय मी पुढचा तुकडा चिकटवणार नाही.'

वहिनी म्हणाली, "सांगून टाका ना त्याला."

मी म्हणालो, "तुला माहीत आहे का काय सांगायचं ते?"

"नाही. पण तुमच्या तोंडाकडे बघून कळतं की काहीतरी आहे."

माझं चित्र ओलीस धरून तू माझ्याकडून वदवून घेतोयस. ठीक आहे. घे. मी हे तुला इतकी वर्षं सांगितलं नाही त्याचं कारण तू होतास. आता तू ते कारण उरला नाहीस.

आपल्या लहानपणीच्या त्या घराला दोन खोल्या होत्या. पुढच्या खोलीची जी भिंत तू म्हणतोस, ती शेजाऱ्यांची आणि आपली सामाईक होती. पलीकडे त्यांचं कपड्यांचं कपाट होतं. त्याचं दार उघडलं की आपल्याकडे बिजागरी करकरायची. सामाईक भिंतीला खिडकी कोण ठेवतं? पुरुषभर उंचीपर्यंत करडा तेलरंग होता आणि वर मळका चुना. खिळासुद्धा नव्हता.

आई त्या भिंतीशी उभी राहायची. जेवणं उरकली, भांडी झाली, की जायची आणि उभी राहायची, कपाळ टेकून. बाबा कामासाठी बाहेरगावी असायचे, आठवड्याने यायचे. हाक मारली तर 'हं' म्हणायची. ओढलं तर यायची, आणि हात सोडला की परत जायची. मी अकरा वर्षांचा होतो, तू चार. तू आधी नुसता रडायचास. मग एका दुपारी तू रडायचा थांबलास, टेबलाखाली शिरलास, आणि तिथून म्हणालास, "दादा, आईला तोंड नाहीये."

हे तुझे शब्द आहेत. माझे नाहीत. माझ्या भयानक चित्रांवर तू चार पानं लिहिलीस ना? त्यातलं पहिलं तू काढलंस, टेबलाखालून.

मी म्हणालो, "आहे तोंड. ती बाहेर बघतेय."

तू म्हणालास, "कुठे बाहेर?"

दुसऱ्या दिवशी शाळेतून मी खडू उचलून आणला. मास्तरांच्या डब्यातला, अख्खा. तू उठायच्या आत स्टुलावर चढून त्या करड्या रंगावर खिडकी काढली. चौकट, तिला दुहेरी रेघ. चार उभे गज. खाली कट्टा, कट्ट्यावर एक कुंडी. पाखरू जमलं नाही, ते पुसलं. तू उठलास, बघितलंस. मग म्हणालास, "हां." आणि खेळायला लागलास. त्या दिवसापासून तुझ्यासाठी ती बाहेर बघायची.

आयुष्यातलं माझं पहिलं चित्र ते. कुठल्याही शाळेत न जाता काढलेलं.

आता उरलेलंही घे, अर्धवट ठेवणं माझ्या स्वभावात नाही. तिचं कपाळ नेमकं तिसऱ्या गजावर टेकायचं. संध्याकाळी ती वळली की तिसरा गज भिंतीवर नसायचा, तिच्या कपाळावर असायचा, पांढरा, उभा. तू दुपारचा झोपायचास, ते पार दिवेलागणीपर्यंत. तू उठायच्या आधी मी ओल्या फडक्याने तिचं कपाळ पुसायचो आणि स्टुलावर चढून गज परत काढायचो. रोज. ती मला पुसू द्यायची. डोळे मिटून घ्यायची. माझ्या आठवणीत तिने माझ्यापुढे तोंड केलं ते तेवढंच.

आपण ते घर सोडेपर्यंत हे चाललं. कुणालाही कळलं नाही.

'भिंत' रंगवताना मी आधी खिडकीच रंगवली, खरी, पिवळ्या उजेडाची, कारण हाताला सवय. मग बघितलं आणि लाज वाटली. बावन्न वर्षांचा माणूस अजून कुणाला तरी उगी करतोय. म्हणून वरून प्लास्टर थापलं. तेल वाळायची वाट पाहिली नाही, कारण ते डोळ्यांपुढे नको होतं. ही माझी चूक, आणि त्यामुळे ते तडकलं. झालं समाधान?

तर तुझी ती सगळ्यात सुंदर आठवण म्हणजे चोरलेल्या खडूची रेघ आहे. आई बाहेर बघत नव्हती. ती कुठेच बघत नव्हती. तू जन्मभर जिच्यावर जगलास ती खिडकी मी काढलेली आहे. तुझं संग्रहालयाचं यंत्र लाव आता तिच्यावर.

पिवळा बुजव आणि चित्र पाठव.


११ मार्च

टिल्लू,

नऊ दिवस झाले, उत्तर नाही. तुझ्या वहिनीने फोन केला, तर तू उचलला नाहीस. मी तुला तिचे फोन घेऊ नकोस म्हटलं होतं, पण माझं एवढं ऐकायची तुला कधीपासून सवय लागली?

प्रदर्शन वीस तारखेला उघडतं. बाईंनी दारासमोरची जागा मोकळी ठेवलीय. रोज विचारतात, "तिथे दुसरं लावू का?" मी म्हणतो, नाही.

मागच्या पत्रातलं सगळं खरं आहे, एक शब्द मागे घेत नाही. लिहिताना राग होता, तोही खरा. पाकीट पेटीत टाकल्यावर मी पेटीपाशी जरा थांबलो होतो. पण हात आत जाईल एवढी फट त्या पेटीला नसते.

चित्र जसं असेल तसं पाठव. तडकलेलं असलं तरी. फाडलं असशील तर तुकडे पाठव, मी आकडे घालीन.

दादा


२३ मार्च

टिल्लू,

चित्र प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी दुपारी आलं. इतकं उशिरा पाठवायचं कारण काय? तू मुद्दाम केलंस. सोबत चिठ्ठी नाही, बिल नाही, काही नाही.

मी दिव्याखाली धरून तासभर तपासलं, कवळीच्या कडा तपासायचं भिंग लावून. पिवळा कुठेही नाही. भेगा कुठेही नाहीत. खरखर तीच, बोटाला तशीच लागते. तू कुठे भरलंस आणि मी कुठे थापलं होतं, हे मला माझ्याच चित्रात सापडलं नाही. याचा मला इतका राग आला की मी बाईंच्या खुर्चीत जाऊन बसलो. तुझा हात माझ्यापेक्षा चांगला आहे. हे एकदाच लिहितोय, पुढच्या पत्रात नाकारीन.

मग टांगायला म्हणून चित्र उलटं केलं.

बाईंनी आधी पाहिलं. म्हणाल्या, "अगं बाई, मागे कुणी पोराटोराने खडूने गिरवून ठेवलंय. थांबा हं, पुसते." आणि टेबलावरचं फडकं घेतलं.

मी ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. जिन्यावर दिवे लावणारा माणूस खाली उतरून आला. बाई फडकं छातीशी धरून म्हणाल्या, "अहो, फडकंच आहे, कोयता नाही!"

कोऱ्या कापडावर खडूने खिडकी. चौकटीला दुहेरी रेघ. कट्टा. कुंडी. दुसऱ्यांच्या चित्राच्या पाठीवर जो माणूस पेन्सिलीचा ठिपका ठेवत नाही, त्याने. खडू झडतो, टिकत नाही, हे तुझ्याइतकं कुणाला माहीत?

मी लगेच चुका शोधल्या. चौकट डावीकडे कललीय. कुंडी मोठी झालीय. आणि गज तीन. मी बाईंना म्हणालो, "हे बघा, चार होते, याने तीन काढलेत. शाळेत शिकून उपयोग काय!"

बाई म्हणाल्या, "तीन नाहीत. तिसऱ्याच्या जागी बघा, पुसलंय."

मी भिंग लावलं. तिसऱ्या गजाच्या जागी पांढरा धूसर डाग होता, बोटाने नव्हे, आणखी रुंद काहीतरी टेकवून पुसल्यासारखा. वर एक तुकडा उरलेला, खाली एक तुकडा उरलेला. मी जो गज रोज तू उठायच्या आत परत काढायचो, तो काढण्यापूर्वी जसा दिसायचा, अगदी तसा. कपाळाच्या उंचीवर.

हे मी तुला पत्रात सांगितलं होतं, म्हणून तू काढू शकलास, असं मी आधी स्वतःला समजावलं. पण मी 'तिसरा गज नसायचा' एवढंच लिहिलं होतं. वरचा आणि खालचा तुकडा उरायचा, आणि खालचा वरच्यापेक्षा लांब असायचा, हे मी कुठेच लिहिलं नव्हतं. ते मलाही आता पाहिल्यावर आठवलं.

खऱ्या खिडकीचा गज पुसला जात नाही, टिल्लू. चार वर्षांच्या पोरालाही ते कळतं.

म्हणजे तू दुपारचा झोपलेला नसायचास. टेबलाखालून बघत असायचास. मला स्टुलावर चढताना, तिचं कपाळ पुसताना. आणि मी वळलो की डोळे मिटायचास. मला वाटलं मी तुला उगी करतोय, आणि 'हां' म्हणून तूच मला उगी करत होतास.

तू विटंबना म्हणालास ती कशाची, ते मला आत्ता कळलं. आपण दोघांनी सांभाळलेल्या त्या खिडकीवरच मी प्लास्टर थापलं होतं.

बरं. आता प्रदर्शनाचं. चित्र दारासमोर लागलं, ठरल्याप्रमाणे. पुढून ती भिंतीकडे तोंड करून उभी आहे, आणि चित्राच्या पाठीमागे गॅलरीच्या भिंतीला लागून तुझी खिडकी आहे. कुणाला दिसत नाही. बाईंना मी कुणालाही सांगू नका असं बजावलंय, म्हणजे त्यांनी निम्म्या गावाला सांगितलं असणार. पहिल्याच दिवशी एक गृहस्थ चित्रापुढे उभे राहून बायकोला म्हणाले, "एवढे दात? कुठल्या दवाखान्याची जाहिरात आहे का गं?" बायको म्हणाली, "गप्प बसा." ती मात्र हलली नाही. लोक आले, गेले, ती उभी. जाताना तिने मला विचारलं, "ती नंतर वळते का?" मी म्हणालो, "संध्याकाळी."

सकाळी छातीवरचं येतं अजून. काल कवळी अर्ध्यावर असतानाच उतरलं, म्हणून काही कुणी टाळ्या वाजवू नयेत. वहिनी म्हणते, डॉक्टरची वेळ घेतलीय, तुम्ही फक्त चपला घाला. बघू.

प्रदर्शन तीस तारखेला संपतं. चित्र अवजड आहे, आणि उतरवताना पाठीमागचा खडू कुठेही घासता कामा नये, म्हणून सरळ उचलावं लागेल, दोन्ही कडांना एकेक माणूस धरून. दिवे लावणारा मदत करतो म्हणाला. त्याला मी नको म्हटलं. त्याचे हात थरथरतात.

एका कडेला मी आहे.

दादा